खाल्लेलं प्रथिन जसंच्या तसं अंगी लागतं का?

कोलॅजेन म्हणजे त्वचेतलं एक प्रथिन. त्याची पावडर पाण्यात ढवळून प्यायली की तेवढं कोलॅजेन त्वचेत जाऊन बसतं, हा समज काही जाहिरातवाल्यांनी जन्माला घातलेला नाही. मांसाने मांस वाढतं, असं चरकसंहितेतही आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातले नामवंत रसायनशास्त्रज्ञही जवळपास तेच मानत होते.

डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डरने १८३८ साली, बर्झेलियसने सुचवल्यावरून, 'प्रोटीन' हे नाव छापलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अग्रक्रमाचं. (आपलं 'प्रथिन' कानाला त्याच कुळातलं वाटतं.) अंड्याचा पांढरा बलक, रक्त, गव्हाचा चिकट भाग, सगळ्यांच्या मुळाशी एकच पदार्थ आहे, तो वनस्पती बनवतात आणि प्राणी आयता घेतात, अशी त्याची कल्पना. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने त्यावर कडी केली: स्नायू काम करताना स्वतःचं प्रथिन जाळतात. जठरातला रस मांस विरघळवतो हे तोवर माहीत होतंच, श्वान या शास्त्रज्ञाने १८३६ मध्येच त्यातलं पेप्सिन हे पाचक द्रव्य शोधलं होतं. पण विरघळणं म्हणजे पातळ होणं, इतकाच त्याचा अर्थ घेतला जाई.

लीबिगला पहिला धक्का दिला तो एका डोंगराने. झुरिकचे फिक आणि विस्लिसेनुस हे दोघे शास्त्रज्ञ ऑगस्ट १८६५ मध्ये स्वित्झर्लंडचा फाउलहॉर्न डोंगर चढले. आदल्या दिवसापासून त्यांनी प्रथिनाला शिवायचं नाही असं ठरवलं होतं. खायला चरबीत तळलेल्या स्टार्चच्या वड्या, प्यायला साखर घातलेला चहा आणि थोडी बिअर-वाइन, बस्स. वाटेत लघवी जपून ठेवायची, कारण जळालेल्या प्रथिनाचा नायट्रोजन तिच्यातून बाहेर पडतो. विस्लिसेनुस ७६ किलोचा, चढ १९५६ मीटरचा. म्हणजे नुसतं अंग वर न्यायला १,४८,६५६ किलोग्रॅम-मीटर काम. नायट्रोजनवरून हिशेब केला तर जळालेलं प्रथिन त्याला कुठेच पुरत नव्हतं. चढाई झाली होती ती मुख्यतः स्टार्च आणि चरबीवर.

तरी आतड्यात प्रथिनाचं नेमकं काय होतं, हे कोडं राहिलंच. अर्धवट पचलेले तुकडे, म्हणजे पेप्टोन, आतड्याच्या अस्तराजवळ नाहीसे होतात. तिथे ते पुन्हा जोडले जाऊन प्रथिन बनत असणार, असा तर्क होता. ओटो कोनहाइम हा जर्मन शास्त्रज्ञ १९०१ मध्ये तेच दाखवायला गेला आणि हाती उलटं लागलं. पेप्टोन जुळत नव्हते, त्यांची फोड होऊन सुटी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले एकेक दुवे, होत होती. दुसऱ्याच वर्षी ओटो लोवीने पूर्ण पचवून सुटे केलेले तुकडेच कुत्र्यांना खाऊ घातले, आणि त्यावर त्यांच्या शरीरातल्या नायट्रोजनचा ताळमेळ टिकला, म्हणजे जितका बाहेर पडला तितका आत येत राहिला. म्हणजे आयतं प्रथिन शरीराला लागतच नाही. (सगळं अगदी एकेक सुटं होऊनच आत जातं असंही नाही. दोन-तीन दुव्यांचे तुकडे आतड्याच्या पेशी तसेच उचलतात आणि आत नेऊन फोडतात.)

मग कुठलं प्रथिन खाल्लं यापेक्षा त्यातून कोणती अमिनो आम्लं सुटतात, याला महत्त्व आलं. ऑसबर्न आणि मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९१४ मध्ये उंदरांना मक्यातलं झेन हे एकच प्रथिन दिलं, तेव्हा ते खंगले. त्यात ट्रिप्टोफॅन आणि लायसीन ही अमिनो आम्लं घातल्यावर ते वाढू लागले. ज्वारीतही लायसीन कमी आणि हरभऱ्यात भरपूर. पिठलं-भाकरीची जोडी ठरवणारीला हे सांगायला कुणी गेलं नव्हतं.

एक समजूत तरीही उरली होती. शरीर म्हणजे यंत्र, अन्न म्हणजे इंधन, आणि यंत्राची झीज अगदी थोडी. कोलंबिया विद्यापीठात शोएनहायमर या जीवरसायनशास्त्रज्ञाने तीही मोडली. त्याने नायट्रोजनच्या जड समस्थानिकाची (म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या जरा जड अणूंची) खूण लावलेलं ल्युसीन हे अमिनो आम्ल पूर्ण वाढलेल्या उंदरांना दिलं. वाढ थांबलेली, तेव्हा ते लघवीवाटे निघून जायला हवं होतं. निम्म्याहून अधिक खूण उंदरांच्या अंगातल्या प्रथिनांत सापडली, तीही ल्युसीनपुरती नव्हे, इतर अमिनो आम्लांतसुद्धा. वजन जैसे थे, आतली बांधणी-मोडणी मात्र अखंड.

मोठ्या माणसात रोज साधारण २५० ते ३०० ग्रॅम प्रथिन असं मोडतं आणि नव्याने बनतं, खाण्यातून येतं त्याच्या कित्येक पट. लहान आतड्याचं अस्तर तर तीन ते पाच दिवसांत पुरतं बदलतं. झडलेल्या पेशी तिथेच पचतात, आणि रात्रीच्या पिठल्यातल्या प्रथिनाबरोबर त्यांचीही अमिनो आम्लं रक्तात जातात.