एशियाटिक सोसायटीचे जुने दप्तर पाहायचे आहे? अर्ज, पात्रता आणि कागदपत्रांची माहिती

पहिला प्रश्न कागदपत्रांचा नाही, सोसायटीचा आहे. ‘एशियाटिक’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर मुंबईच्या टाउन हॉलच्या पायऱ्या येतात. ती संस्था १८०४ साली ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ म्हणून सुरू झाली, पुढे लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि १९५४ साली स्वतंत्र झाली. लंडनची संस्था १८२३ची. पण या सगळ्यांच्या आधीची आहे ती कोलकात्याची. १५ जानेवारी १७८४ रोजी न्यायाधीश सर विल्यम जोन्सने तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या ग्रँड ज्युरी रूममध्ये जी सभा भरवली, तिथून ती सुरू झाली. तिन्ही ठिकाणी दप्तर वेगळे, कारभार वेगळा, अर्जही वेगळा. मुंबई शाखेच्या बैठकीची नोंद कोलकात्याला मागणारे आणि कोलकात्याची मुंबईत शोधणारे असे दोन्ही प्रकारचे लोक मला भेटले आहेत. (पहिल्या प्रकारात काही वर्षांपूर्वी मीही होतो.)

ही माहिती मुख्यतः कोलकात्याच्या, म्हणजे पार्क स्ट्रीटवरच्या सोसायटीबद्दल आहे.

दप्तर म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्या. सोसायटीकडची संस्कृत, फारसी, तिबेटी हस्तलिखिते ही तिची संपत्ती. तिचे दप्तर वेगळे. सभांची इतिवृत्ते, आलेली-गेलेली पत्रे, सभासदांच्या नोंदी, हिशेब, कोणी काय भेट दिले त्याच्या याद्या, हे दप्तर. हस्तलिखित विभागाकडे ‘सोसायटीचा इतिहास’ मागितलात, तर तिथला माणूस तुम्हाला सौजन्याने दुसऱ्या दाराकडे पाठवील आणि तुमचा अर्धा दिवस जाईल. अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘संस्थेचे स्वतःचे अभिलेख’ असे स्पष्ट लिहा.

नावांचेही भान ठेवा. १८३२ पासून ती ‘एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉल’ म्हणून ओळखली गेली, १९३६ साली नावाआधी ‘रॉयल’ लागले आणि १९५१ साली ‘रॉयल’ही गेले, ‘बेंगॉल’ही गेले. सूचीत शोधताना ज्या वर्षाचा कागद हवा त्या वर्षीचे नाव वापरा. माणसांच्या नावांचे तर विचारूच नका. एकाच माणसाचे इंग्रजी स्पेलिंग दहा वर्षांत तीनदा बदललेले दिसते. शक्य ती सगळी रूपे वहीत लिहूनच घरातून निघा.

अर्ज करण्याआधी एक काम घरबसल्या होते, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचे आहे. सोसायटीच्या पहिल्या काळातली, १७८४ ते १८०० ची इतिवृत्ते छापून प्रसिद्ध झालेली आहेत. सोसायटीचे पहिले प्रकाशन ‘एशियाटिक रिसर्चेस’ १७८८ पासून निघाले, जर्नल १८३२ पासून. जर्नलच्या आणि पुढे वेगळ्या निघालेल्या ‘प्रोसीडिंग्ज’च्या पानांत मासिक सभांचे वृत्तान्त, नव्या सभासदांची नावे, आलेल्या भेटवस्तू हे सगळे सापडते. शंभर वर्षे पुरी झाल्यावर सोसायटीने स्वतःचा आढावाही छापला. यातले बरेच ग्रंथ स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. छापील पानावरची गोष्ट मूळ कागदात मागू नका. छापील पानात जे अर्धवट आहे तेवढेच मागा. त्यामुळे तुमचा अर्ज चार ओळींचा होतो, आणि चार ओळींचा अर्ज लवकर हलतो.

पात्रतेबद्दल एक गैरसमज पक्का रुजला आहे, की सभासद झाल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. सभासदत्व ही निराळी गोष्ट. त्यासाठी विद्यमान सभासदांनी नाव सुचवावे लागते आणि कौन्सिलची, म्हणजे सोसायटीच्या कार्यकारी मंडळाची, मान्यता लागते. वाचनासाठी अभ्यासकाला परवानगी मागता येते. विद्यापीठातला संशोधक, प्राध्यापक, किंवा स्वतंत्रपणे काम करणारा, कोणीही मागू शकतो; मात्र स्वतंत्र अभ्यासकाला आपले काम काय आहे ते जरा जास्त समजावून सांगावे लागते. त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही. दोनशे वर्षांचा कागद हातात द्यायचा म्हणजे देणाऱ्याने चार प्रश्न विचारणारच.

सोबत न्यायचे कागद: सरकारी ओळखपत्र आणि त्याची स्वतः सही केलेली प्रत, दोन पासपोर्ट आकाराचे फोटो, मार्गदर्शकाचे किंवा विभागप्रमुखाचे शिफारसपत्र (संस्थेच्या लेटरहेडवर, तारीख आणि शिक्क्यासह), आणि संशोधनविषयाचा एका पानाचा गोषवारा. संस्थेशी संबंध नसेल तर त्या विषयातल्या एखाद्या जाणत्या अभ्यासकाचे पत्र न्या. परदेशी नागरिकांनी पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती ठेवाव्यात. शिफारसपत्रात तुमचा विषय आणि तुम्हाला हव्या असलेल्या कागदांचा काळ दोन्ही यायला हवेत. ‘यांना सहकार्य करावे’ एवढेच लिहिलेले पत्र कोणाच्याच उपयोगाचे नसते. वाचनकक्षाच्या वेळा, सुट्ट्या आणि शुल्क हे तिकीट काढण्याआधी ईमेल करून विचारा आणि उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा. कोलकात्यात दुर्गापूजेच्या दिवसांत कामाची आशा धरू नका.

अर्ज इंग्रजीत करा. मजकूर साधारण असा:

‘मी अमुक विद्यापीठात एकोणिसाव्या शतकातील विद्वत्संस्था या विषयावर संशोधन करीत आहे. सोसायटीने १८२९ साली भारतीयांना प्रथम सभासद करून घेतले, त्यासंबंधीची १८२८ ते १८३० या काळातील इतिवृत्ते आणि पत्रव्यवहार पाहण्याची परवानगी मिळावी. छापील साधने मी पाहिली आहेत. अमुक ते अमुक तारखांना मी प्रत्यक्ष येऊ शकेन. मूळ कागद नाजूक असल्यास मायक्रोफिल्म किंवा डिजिटल प्रत चालेल.’

शेवटचे वाक्य वगळू नका. ‘मूळच हवे’ असा हट्ट धरला की कागदाची अवस्था तपासण्यापासून सुरुवात होते, आणि त्या तपासणीला मुदत नसते. काळही दोन-तीन वर्षांपलीकडे नेऊ नका. मी पूर्वी एका संग्रहात ‘१८५० ते १९०० चा सर्व पत्रव्यवहार’ मागितला होता. त्या अर्जाचे उत्तर अजून यायचे आहे.

काही वेळा कागद सोसायटीत नसतोच. १८१४ साली सोसायटीने संग्रहालय सुरू केले, पण १८६६च्या कायद्याने कोलकात्याच्याच इंडियन म्युझियमची व्यवस्था झाली आणि सोसायटीचे प्राणी, जीवाश्म, पुरावस्तू तिकडे गेल्या. तेव्हा एखादी मूर्ती कोणी दिली याचा शोध घेणाऱ्याला दोन्हीकडे अर्ज करावा लागतो. सरकारशी झालेल्या पत्रव्यवहाराची दुसरी बाजू नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधावी. तिथे पब्लिक रेकॉर्ड्स नियमांतला नमुना ८ भरून अभ्यासक म्हणून नोंदणी होते; तीस वर्षांहून जुने, गोपनीय नसलेले अभिलेख खऱ्या अभ्यासकाला दाखवावेत अशी १९९३च्या पब्लिक रेकॉर्ड्स कायद्यात तरतूद आहे. ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या पोर्टलवर आधी शोधा. फायलीचा विभाग, वर्ष आणि क्रमांक मिळाला की मागणीचिठ्ठी भरायला दोन मिनिटे पुरतात.

वाचनकक्षात पेन्सिल, कोरे कागद, हवा तर लॅपटॉप. पेन, पाण्याची बाटली, पिशवी बाहेर. मोबाइलने फोटो काढण्याआधी विचारा. प्रत मिळण्याची परवानगी आणि तीच प्रत पुस्तकात छापण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी लेखी घ्यावी लागते. प्रत्येक कागदाचा खंड, पान आणि तारीख तिथल्या तिथे टिपा. घरी आल्यावर ‘निळ्या बांधणीचे जाड पुस्तक’ एवढ्यावरून तळटीप लिहिता येत नाही.

अर्जाला उत्तरच आले नाही तर? आधी महिनाभराने साधे स्मरणपत्र पाठवा. बहुतेकदा तेवढ्याने काम होते. तरी हलले नाही, तर भारतीय नागरिकाला माहिती अधिकाराचा मार्ग आहे. एशियाटिक सोसायटी कायदा, १९८४ ने ही संस्था राष्ट्रीय महत्त्वाची ठरली आणि ती केंद्र सरकारच्या पैशावर चालते, त्यामुळे तिथे जनमाहिती अधिकारी असतो. अर्ज शक्यतो पाचशे शब्दांच्या आत, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. साध्या प्रतीला पानामागे २ रुपये. कागद तिथेच बसून पाहायचा असेल तर पहिला तास मोफत आणि पुढच्या प्रत्येक तासाला ५ रुपये. मात्र माहिती अधिकार कायद्याचे कलम ७(९) आधीच वाचून ठेवा. मागितलेल्या स्वरूपात माहिती दिल्याने अभिलेखाच्या जतनाला धोका असेल, तर दुसऱ्या स्वरूपात देण्याची मुभा तिथे आहे. म्हणजे जीर्ण वहीची झेरॉक्स नाकारली जाऊ शकते. म्हणून माहिती अधिकाराच्या अर्जात झेरॉक्स मागू नका, ‘निरीक्षण’ मागा. आणि त्याआधी अमुक काळाच्या इतिवृत्तांची यादी मागा. नकार आला तर ३० दिवसांत पहिले अपील त्याच संस्थेच्या अपील अधिकाऱ्याकडे करायचे असते, आणि त्याला शुल्क नाही.