फोल्डरमध्ये फाइली क्रमाने नसतात

फोल्डर उघडला की फाइली ओळीने दिसतात: ०१, ०२, ०३. त्यामुळे डिस्कवरही त्या अशाच रचून ठेवल्या आहेत, असा समज पक्का होतो. तो चुकीचा आहे. पडद्यावरचा क्रम फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने दाखवण्यापुरता लावलेला असतो. वेबसाइट तयार करणाऱ्या बिल्ड टूलमध्ये फोल्डर वाचून त्याचा डेटा करून देणारं प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, असतं. हा समज सर्वात जास्त नडतो तो तिथे.

प्लगइनचं काम दिसायला सोपं आहे. ‘डेटा’ फोल्डरात ‘सदस्य’ नावाची जेसन (डेटा साठवण्याच्या मजकूर-स्वरूपातली) फाइल आणि ‘लेख’ हा उपफोल्डर असेल, तर ‘सदस्य’ आणि ‘लेख’ अशा दोन की, म्हणजे डेटा शोधायची नावं, असलेला एक ऑब्जेक्ट (डेटाचा गठ्ठा) तयार होतो. ‘लेख’मधल्या प्रत्येक फाइलची आत आणखी एक की होते. इलेव्हन्टी या टूलचा डेटा फोल्डर असाच चालतो: एक्स्टेन्शन (नावातलं टिंबानंतरचं शेपूट) काढून उरलेलं नाव म्हणजे की, उपफोल्डर म्हणजे आतला थर. व्हीट या दुसऱ्या टूलमध्ये मात्र ग्लॉबने (नावांच्या नमुन्याने) फाइली गोळा केल्या, तर फाइलचा पाथच, म्हणजे फोल्डरांसकट पत्ता, की बनतो.

आता मूळ गोष्ट. डिरेक्टरी म्हणजे फाइलचं नाव आणि तिचा आयनोड क्रमांक (फाइल सिस्टिमने फाइलला दिलेला ओळख क्रमांक) यांच्या जोड्यांची यादी. ती कोणत्या क्रमाने वाचून द्यायची, याचं बंधन पॉझिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमांच्या मानकात नाही. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) हजारो नावांतून एक नाव झटकन सापडावं म्हणून प्रत्येक नावाचा हॅश (त्यावरून गणिताने काढलेली संख्या) काढतात आणि यादी त्या हॅशच्या क्रमाने मिळते. या हॅशमध्ये एक बीज, म्हणजे सुरुवातीची संख्या, मिसळलेलं असतं आणि फाइल सिस्टिम तयार करताना ते नव्याने ठरतं. म्हणजे त्याच बारा फाइली, तीच नावं, पण दोन मशीनवर दोन वेगळे क्रम! विंडोजच्या एनटीएफएसमध्ये नावं बी-ट्री या झाडासारख्या रचनेत वर्णक्रमाने असतात. त्यामुळे तिथे सगळं सुरळीत दिसतं आणि चूक सर्व्हरवर गेल्यावर उघडी पडते.

याचा फटका विज्ञानालाही बसलेला आहे. नेचर प्रोटोकॉल्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पायथन स्क्रिप्ट एनएमआरचे (रेणूची रचना ओळखण्याच्या एका चुंबकीय पद्धतीचे) आकडे काढण्यासाठी वापरल्या जात. एकाच डेटावर त्या वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगळं उत्तर देतात, हे २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं. स्क्रिप्टने फाइलींची यादी क्रमाने येईल असं धरलं होतं. उपाय होता यादी आधी सॉर्ट करण्याचा.

क्रमामुळे बिल्ड बिघडला की ‘कॅशे (टूलने साठवलेला तात्पुरता डेटा) पुसा, पुन्हा बिल्ड करा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो निव्वळ तोडगा आहे. एखाद्या वेळी बिल्ड जमतो, पण कारण जागच्या जागी राहतं.

म्हणून प्लगइनने यादी हाती येताच ती सॉर्ट करावी, आणि सॉर्टचा नियम उघड लिहावा. निव्वळ अक्षरांच्या कोडनुसार सॉर्ट केलं तर ‘१०’ हे ‘२’च्या आधी येतं, कारण तुलना पहिल्या चिन्हापासून होते. त्यावर उपाय म्हणजे ‘०२’, ‘१०’ अशी नावं ठेवणं किंवा अंकांची तुलना संख्या म्हणून करणं. मराठी नावांत आणखी एक पेच आहे. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. त्यामुळे कोडनुसार ‘काळ’ आधी आणि ‘काव्य’ नंतर लागतं. क्ष हा क, हलन्त आणि ष असा साठवला जात असल्याने ‘क्षितिज’ क च्या शब्दांत जाऊन बसतं. वर्णक्रम वाचकाला दिसणार असेल तर सॉर्टला मराठी लोकेल, म्हणजे भाषेच्या नियमांचा संच, स्पष्ट सांगावा. मशीनच्या डिफॉल्टवर सोडला तर पुन्हा मशीनगणिक फरक पडेल.

‘दुसऱ्या’ हा शब्द तर तीन प्रकारे टाइप होतो: ऱ हे एकच चिन्ह वापरून, र ला नुक्ता (खालचं टिंब) देऊन, किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह जोडून. डोळ्यांना तिन्ही सारखेच, पण लिनक्सला तीन वेगळी नावं. टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) एक रूप आणि फाइलच्या नावात दुसरं असलं, तर ती की सापडत नाही, डेटा रिकामा येतो. युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याच्या नियमाने, पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा होत नाही. तो आधी स्वतः बदलून घ्यावा लागतो. नॉर्मलायझेशन फक्त कीवर करावं. फाइल उघडताना डिस्कवरचं मूळ नावच वापरावं, नाहीतर फाइल सापडणार नाही.

एक्स्टेन्शन काढल्यावर ‘सदस्य’ची जेसन आणि यॅमल (डेटाचं आणखी एक स्वरूप) फाइल एकाच कीवर आदळतात. तिथे गुपचूप शेवटची फाइल ठेवू नये. दोन्ही पाथ दाखवून बिल्ड थांबवावा. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली वगळाव्यात. सिमलिंकच्या (दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्याच्या) मागे जायचं असेल तर भेट दिलेल्या फोल्डरांचे आयनोड डिव्हाइस क्रमांकासह (कोणती डिस्क, त्याच्या क्रमांकासह) नोंदवावेत, नाहीतर चक्रात अडकायला होतं.

बदल झाला की नाही हे फोल्डरच्या शेवटच्या बदलाच्या वेळेवरून ठरवू नका. फाइल जोडली, काढली किंवा तिचं नाव बदललं तरच ती वेळ बदलते. आतल्या फाइलचा मजकूर जागच्या जागी सुधारला तर ती तशीच राहते, आणि नातू-फोल्डरातली भर आजोबापर्यंत पोचत नाही. प्रत्येक फाइलच्या मजकुराचा हॅशच घ्यावा लागतो.

प्लगइन नीट आहे का हे तपासायला तोच फोल्डर ईएक्सटी४ आणि एनटीएफएस अशा दोन डिस्कवर ठेवा, दोन्हीकडे बिल्ड करा आणि तयार झालेल्या जेसनचा एसएचए-२५६ हॅश ताडून पाहा. जुळला नाही तर दोन्ही फाइलींतली पहिली वेगळी ओळ शोधा. ती ज्या कीची आहे, तिथूनच शोध सुरू करा.