ठिपके मोजले आणि तट पडले

दोन गटांत वैर दिसलं की आपण कारण शोधायला लागतो. जमिनीचं भांडण असेल, सत्तेचं असेल, काहीतरी जुनं उट्टं असेल. मानसशास्त्रज्ञही बराच काळ असंच म्हणत. १९५४ साली मुझफ्फर शरीफ यांनी अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात २२ मुलांचे दोन संघ पाडून त्यांना बक्षिसांसाठी झुंजवलं, तेव्हा प्रकरण एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेलं. स्पर्धा आली की शत्रुत्व आलंच, असा त्याचा अर्थ लावला गेला.

मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी प्रश्न उलटा केला. भांडणाचं एकूण एक कारण काढून टाकलं, तर काय उरेल? पोलंडमध्ये जन्मलेले हे ज्यू गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात कैदेत होते. सुटले तेव्हा घरचं जवळजवळ कोणीच उरलं नव्हतं. हा प्रश्न त्यांना पडावा यात नवल नाही.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या १४-१५ वर्षांच्या मुलांना त्यांनी पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवून ते किती असतील हे विचारलं. मग ‘तू जास्त सांगणाऱ्यांतला, तू कमी सांगणाऱ्यांतला’ असं सांगून टाकलं. खरं तर ही विभागणी निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. आपल्या गटात कोण कोण आहे, हेसुद्धा मुलांना ठाऊक नव्हतं. नंतर प्रत्येकाने इतर दोघांना पैसे वाटायचे. स्वतःला दमडी मिळणार नव्हती. ताजफेल यांची कल्पना अशी, की इथे भेदभाव दिसणारच नाही आणि मग एकेक कारण घालत तो कुठे उगवतो ते बघू. पण तो पहिल्याच पायरीवर हजर!

चित्रांच्या आवडीवरून गट पाडले तेव्हा तर आणखी गंमत झाली. वाटपाच्या एका तक्त्यात एका टोकाला ‘आपल्या गटातल्याला ७, दुसऱ्या गटातल्याला १’ होतं, दुसऱ्या टोकाला ‘आपल्या गटातल्याला १९, दुसऱ्या गटातल्याला २५’. मुलांचा कल ७ आणि १ कडे झुकला. म्हणजे आपल्या गटाचे १२ गेले तरी चालतील, त्यांना आपल्यापेक्षा जास्त मिळता कामा नये. मला हा आकडा कुठल्याही द्वेषपूर्ण भाषणापेक्षा जास्त अस्वस्थ करतो, कारण इथे द्वेष करायला कोणी समोरच नव्हतं. ताजफेल यांचं स्पष्टीकरण असं: आपली किंमत आपण आपल्या गटाच्या किमतीवरून ठरवतो, आणि ती कळते तुलनेतूनच.

अर्थात झुकतं माप देणं वेगळं आणि दुसऱ्याला वाईट समजणं वेगळं. पण त्यालाही फार काही लागत नाही. १९७६ मध्ये हॅमिल्टन आणि गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना दोन काल्पनिक गटांबद्दलची वाक्यं वाचायला दिली. मोठ्या गटाबद्दल १८ चांगली, ८ वाईट. छोट्याबद्दल ९ चांगली, ४ वाईट. प्रमाण अगदी सारखं. तरीही वाचणाऱ्यांना छोटा गटच जास्त वाईट वागणारा वाटला. छोटा गट विरळा, वाईट वर्तनही विरळं. दोन विरळ गोष्टी एकत्र आल्या की त्या नजरेत भरतात आणि स्मरणात त्यांची संख्या फुगते, असं त्या दोघांचं म्हणणं. त्या गटांना नावंही नव्हती, फक्त ‘अ’ आणि ‘ब’.