कसर की खवलेवाला रातकिडा? खवले सोडा, मागचा पाय बघा

चवथीच्या आधीच्या दिवसांत हे दोन्ही किडे एकाच घरात दिसू शकतात, म्हणून मुद्दाम लिहितोय. जुन्या वह्या, पोथ्या, लाकडी कपाटाचा खालचा खण साफ करायला काढला की कसर म्हणजे आपली सिल्व्हरफिश पळते, आणि त्याच सुमाराला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या सजावटीसाठी, रानातला पाला, फांद्या, फळं घरात येतात, त्यातून कधी एखादा राखाडी-तपकिरी, जेमतेम सेंटिमीटरभर, पंख न दिसणारा किडा खाली पडतो. त्याला बोट लावलं तर बोटावर बारीक चकचकीत पावडर येते आणि कसरीला लावलं तरी येते, मग लोक दोघांनाही कसर समजून झाडूने मारून टाकतात. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण दुसरा किडा पुस्तकं खाणारा नाहीच, तो रातकिड्यांपैकी आहे.

आता गोंधळ होतो तो खवल्यांमुळे. हे खवले म्हणजे किड्याच्या अंगावरच्या केसांचंच बदललेलं रूप, चपटे झालेले केस, आणि ते वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे तयार झालेत. फुलपाखरांना आहेत, डासांना आहेत, सिल्व्हरफिशला आहेत आणि रातकिड्यांच्या एका कुळालाही आहेत, त्यामुळे नुसते खवले बघून नातं ठरवता येत नाही. शिवाय ते सहज झडतात, म्हणजे पकडापकडीत खवले गेलेला रातकिडा आणखीनच वेगळा दिसायला लागतो.

म्हणून आधी मागचे पाय बघा. रातकिड्याची मागची मांडी जाड असते, उडी मारायचे स्नायू तिथे असतात, आणि डिवचलं की तो टुणकन उडतो. सिल्व्हरफिशचे सहाही पाय साधारण सारखेच, ती उडी मारत नाही, वळवळत सरपटल्यासारखी पळते. मग शेपटीकडे या. सिल्व्हरफिशचं अंग गाजरासारखं मागे निमुळतं होत जातं आणि टोकाला तीन लांब तंतू असतात, रातकिड्याला दोनच असतात. मादी असेल तर त्या दोघांच्या मधे अंडी घालायची सरळ टोकदार नळी दिसते, तिलाच तिसरा तंतू समजायची चूक होते, पण नळी ताठ आणि जाडसर असते. लांब मिशा दोघांना आहेत, त्यावरून काही कळत नाही.

वर्गीकरणात तर दोघं खूपच लांब. सिल्व्हरफिश झायजेंटोमा गणातली, तिच्या पूर्वजांना पंख कधी आलेच नाहीत, आणि ती मोठी झाल्यावरही आयुष्यभर कात टाकत राहते. रातकिडा ऑर्थोप्टेरा गणातला, म्हणजे नाकतोडे-टोळांचा नातलग, त्यात लांब मिशांचा एन्सिफेरा हा उपगण आणि त्यात खवलेवाल्यांचं मोगोप्लिस्टिडी कुळ. याला पूर्वी ग्रायलिडी या नेहमीच्या रातकिड्यांच्या कुळातच एक उपकुळ म्हणून ठेवायचे, आता वेगळं कुळ मानतात. यांच्या पूर्वजांना पंख होते, नंतर ते आखूड झाले नाहीतर गेलेच. उष्ण देशांत झुडपांवर राहणारा ऑर्निबियस घ्या, त्याच्या नराला मानेवरच्या ढालीखालून जरासे डोकावणारे आखूड पंख असतात, तेवढ्यावर तो आवाज काढतो, मादीला पंखच नाहीत. जपानमध्ये याच ऑर्निबियसच्या एका जातीला तिच्या किणकिण आवाजासाठी लोक ओळखतात!

आणि युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा स्यूडोमोगोप्लिस्टिस व्हिसेंटी तर नर काय मादी काय, पूर्ण बिनपंखी, त्यामुळे तो गात नाही. दिवसा किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांखाली लपतो, रात्री बाहेर येऊन कुजकं-मेलेलं खातो. इंग्लंडच्या दक्षिणेला चेझिल बीचवर तो १९४९ मध्ये सापडला आणि कित्येक वर्षं सगळे त्याला भूमध्य समुद्राकडची, त्याच वंशातली स्क्वामिजर जात समजत होते, कारण दिसायला दोघं फारच सारखे. व्हिसेंटी ही वेगळी जात म्हणून १९९६ मध्ये गोरोखोव्ह या रशियन कीटकतज्ज्ञाने वर्णन केली, आणि मग ब्रिटनमधले किडेही त्या जातीत गेले. एका कुळात, एकाच वंशात असलेल्यांची अशी गत, तर आपण घाईत कसर म्हणून मोकळे होतो यात नवल नाही.

अजून एक अडचण आहे. साध्या रातकिड्याचं पिल्लूही बिनपंखी असतं, म्हणजे पाय आणि शेपूट जुळलं तरी तो खवलेवाला असेलच असं नाही. तिथे मात्र खवले कामाला येतात, साध्या रातकिड्याच्या अंगावर ते नसतात. आणि मागच्या पायाची नडगी भिंगातून बघा, साध्या रातकिड्याला तिथे लांब ठळक काटे असतात, खवलेवाल्याला करवतीचे बारीक दाते असतात, लांब काटे फक्त अगदी टोकाला.

मोबाईलवर फोटो काढायचा असेल तर वरून एक घ्या आणि बाजूने एक घ्या, बाजूच्या फोटोत मागची नडगी आणि शेपटीचं टोक दोन्ही यायला हवं, आणि हात लावायच्या आधी काढा, नाहीतर खवले तुमच्या बोटावर जातील.