फोटोत हिरवे डोळे म्हणजे मोतीबिंदू नव्हे

फ्लॅशच्या फोटोत कुत्र्याचे डोळे हिरवे चमकले की त्याला मोतीबिंदू झालाय, असं सांगितलं जातं. तसं नसतं. त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे एक चकचकीत थर असतो. अंधुक उजेडात नीट दिसावं म्हणून तो प्रकाश परत फिरवतो. फ्लॅश लेन्सला खेटून असला की तोच प्रकाश सरळ कॅमेऱ्यात येतो. रात्री बॅटरीच्या झोतात गाईचे, मांजराचे डोळे चमकतात तेही यामुळेच.

पडताळायचं तर फ्लॅश बंद करा, दिवसा खिडकीशी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा आणि फोकस डोळ्यावर धरा. चमक नाहीशी होते. तपकिरी बुबुळ, त्यातली खिडकीची छोटी चौकट आणि त्याचा खट्याळपणा, सगळं फोटोत उतरतं. दिवसाउजेडी बाहुलीच दुधाळ दिसली, तर मात्र पशुवैद्याला दाखवा.