पोटात उडतंय ते काय?

उताणं पडलं, की बेंबीच्या जरा वर काहीतरी टकटक उडताना जाणवतं. हृदयाचे ठोके पडतात, त्याच तालात. आपल्याकडे लगेच 'बेंबी सरकली' असं निदान होतं आणि पोट चोळून देणाऱ्याला बोलावणं जातं. बेंबी कुठेही सरकत नाही. उडते ती महाधमनी. पाठीच्या कण्याला लागून खाली येणारी ही रक्तवाहिनी साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते आणि बेंबीच्या आसपास दोन्ही पायांसाठी दुभंगते; म्हणून ठोका बेंबीच्या वरच लागतो. अंगाने किरकोळ माणसाला, भरपेट जेवणानंतर किंवा मनाला घोर लागला असताना तो जास्त जाणवतो. ढेरी सुटलेल्याला जाणवतही नाही. अर्थात त्याने खूश होऊ नये, कारण चरबीखाली बिघाडही लपतो.

बिघाड म्हणजे धमनीची भिंत कमजोर होऊन आलेला फुगवटा. रुंदी 3 सेंटिमीटरला पोचली की तो फुगवटा धरतात. पासष्टी ओलांडलेले पुरुष, त्यातही विडी-सिगारेट ओढणारे, उच्च रक्तदाब असलेले, बाप-भावाला हा त्रास झालेले, यांनी ठोका जाणवो न जाणवो, डॉक्टरांशी बोलावं. डॉक्टर ठोक्याच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवतात. नुसती वर उचलली गेली तर ठीक. एकमेकांपासून बाजूला ढकलली गेली तर संशय. घरी दाबून बघत बसू नका, सोनोग्राफीत काही मिनिटांत कळतं. फुगवटा लहान असेल तर ठरावीक काळाने मोजत राहतात. पुरुषांत 5.5 आणि बायकांत 5 सेंटिमीटरच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो.

आइनस्टाइनला हाच आजार होता. 1948 साली सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी त्याच्या फुगवट्याला चक्क सेलोफेन गुंडाळलं. त्याने भोवतीची ऊती घट्ट व्हावी, हा हेतू. सहा-सात वर्षं निभावली. एप्रिल 1955 मध्ये फुगवटा फुटला, आइनस्टाइनने शस्त्रक्रियेला नकार दिला आणि 18 तारखेला तो गेला. आता जांघेतून नळी सरकवून आतून अस्तर बसवता येतं. 1990 मध्ये अर्जेंटिनात हुआन पारोदी यांनी ते प्रथम करून दाखवलं.

पोटात किंवा पाठीत अचानक असह्य कळ, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं तर थांबू नका, 108 ला फोन करा. म्हाताऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच 'मुतखड्याची' कळ आली, तर ती मुतखड्याचीच असेल असं धरून चालू नका. फुटू लागलेली महाधमनी अशीच दुखते.