रेघा आल्या की प्रेशर वाढव? थांबा जरा

एअरलेस मशीनने (हवेशिवाय, पंपाच्या दाबाने रंग फवारणारं मशीन) रंग मारताना पट्ट्याच्या दोन्ही कडांना जाड रेघा यायला लागल्या की साइटवर कोणीतरी ओरडतंच, "अरे प्रेशर वाढव!" वर्षानुवर्षं चालत आलंय हे, पण अर्धंच खरंय.

टिप (गनच्या तोंडावरचं नोझल) नवी असेल आणि प्रेशर खरंच कमी असेल तर वाढवून रेघा जातात, बरोबर. पण बऱ्याचदा टिपच झिजलेली असते. उदाहरणार्थ 517 नंबरची टिप, पहिल्या 5 ची दुप्पट म्हणजे साधारण 10 इंचाचा पट्टा आणि 17 म्हणजे भोक 0.017 इंच, झिजली की भोक मोठं होतं, पट्टा आकसून साडेसातवर येतो, मधे रंग जास्त बसून ओघळ येतात आणि डबे उगाच संपतात. अशात प्रेशर वाढवलं की टिप अजून झिजते, पंपाचं पॅकिंगही लवकर जातं, म्हणजे दुहेरी फटका.

पुठ्ठ्यावर मारून टेपने मोजा. पट्टा पाव भागाने कमी भरला तर टिप बदला, नाहीतर आधी गनचा फिल्टर बघा, चोक असतो कितीदा.

आणि टिपला हात लावण्याआधी मशीन बंद, प्रेशर रिलीज, ट्रिगर लॉक. रंगाची धार कातडीत घुसली तर दिसतं टाचणी टोचल्यासारखं, पण थेट हॉस्पिटल गाठायचं.